जखम वाटेची

आमच्या बिदर जिल्ह्यातल्या ठाणाकुशनूर भागात ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हटलं की थोरल्या बायकांना अजून एकच ऑपरेशन आठवतं, कुटुंबनियोजनाचं. सरकारी दवाखान्यात शिबिर लागायचं. व्हरांड्यात सतरंज्या अंथरलेल्या असायच्या आणि बाई बेंबीजवळ एक टाका घेऊन घरी यायची. त्याआधी ज्यांचं ‘टाक्याचं’ झालं होतं, त्या आपल्या पोटावरच्या रेघेवर बोट ठेवून म्हणायच्या, आमच्या वेळेला ही दुर्बीण असती तर आठ-आठ दिवस अंथरुणात पडावं लागलं नसतं.

दुर्बीण हा शब्द फारसीतला. दूर म्हणजे लांब, बीन म्हणजे पाहणारी. बहमनी, बरीदशाही, मोगल आणि मग निजाम अशा राजवटी या मुलखावरून गेल्या, त्यामुळे हा शब्द आम्हाला परका वाटत नाही. प्रश्न मला वेगळाच पडायचा. डॉक्टर ही नळी पोटात घालून वीतभर आतलं पाहतात, मग यात ‘दूर’ ते काय? शब्द चुकून चिकटला असावा, असं बरीच वर्षं वाटत होतं. किडनीवरची ग्रंथी दुर्बिणीनं कशी काढतात हे समजून घेतलं तेव्हा पटलं, शब्द अगदी बरोबर आहे. अंतर नुसतं लांबीनं ठरत नाही, मध्ये काय आडवं आहे त्यावरही ठरतं. मांजरा नदीला पूर आला की पलीकडच्या काठावरचं देऊळ डोळ्यांना दिसत असतं, पण तिथं जाता येत नाही. पोटातली ही ग्रंथी तशी आहे. कातडीपासून काही बोटांवर, तरी शरीरातल्या फार दूरच्या ठिकाणांपैकी एक.

मला इथं एकच गोष्ट उलगडायची आहे. ऑपरेशननंतर पोटावर राहते ती जखम ग्रंथीची नसते, वाटेची असते.

आधी ग्रंथी. माणसाच्या दोन किडन्यांच्या माथ्यावर दोन लहान ग्रंथी बसलेल्या असतात. पुस्तकात त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात, डॉक्टरांच्या तोंडी ॲड्रिनल. उजवी साधारण तिकोनी, डावी चंद्रकोरीसारखी. एकेकीचं वजन चार-पाच ग्रॅम, म्हणजे सोनाराच्या आजच्या हिशेबानं अर्धा तोळा. रंगही सोनेरी पिवळा. इटलीच्या बार्तोलोमेओ युस्टाकीनं १५६३ मध्ये त्यांचं वर्णन करून ठेवलं, पण त्या कशासाठी आहेत याचा पत्ता पुढं जवळजवळ तीनशे वर्षं कोणाला लागला नाही. १८५५ मध्ये लंडनच्या थॉमस ॲडिसननं दाखवून दिलं की या ग्रंथी नासल्या तर माणूस काळवंडतो, खंगत जातो आणि दगावतो. म्हणजे अर्ध्या तोळ्याच्या या दोन तुकड्यांवाचून जगणंच नाही.

ग्रंथीची बाहेरची साल दोन महत्त्वाचे रस करते. एक अंगात मीठ धरून ठेवतो आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकतो, तो अल्डोस्टेरॉन. दुसरा आजारपणात, उपासात, ताणात शरीराला सावरून धरतो, तो कॉर्टिसॉल. आतला गाभा ॲड्रिनलिन आणि त्याचा भाऊबंद नॉरॲड्रिनलिन करतो. अंगावर साप येताना दिसला की क्षणात छाती धडधडायला लागते आणि पायात बळ येतं, ते यांचं काम. रोजच्या गरजेपुरतं हे सगळं थेंबाथेंबानं चालतं. पण एखाद्या ग्रंथीत गाठ झाली आणि ती आपल्या मर्जीनं रस ओतायला लागली, तर घरातला नळ रात्रंदिवस उघडा राहावा तसं होतं. यातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, तरीही त्या माणसाला झिजवतात.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या जेरोम कॉन यांच्याकडं १९५४ मध्ये एक ३४ वर्षांची बाई आली. सात वर्षं तिचे स्नायू आखडत होते, अंग मधूनच लुळं पडत होतं, बीपी वाढलेलं आणि रक्तात पोटॅशियम फार कमी. तिच्या एका ग्रंथीतली गाठ काढली आणि ती बरी झाली. १९५५ मध्ये कॉन यांनी अल्डोस्टेरॉनचा हा आजार मांडला आणि तो त्यांच्याच नावानं ओळखला जाऊ लागला. ती सात वर्षं लक्षात ठेवायला हवीत.

आता वाट. उजव्या ग्रंथीच्या पुढं यकृत पसरलेलं असतं. तिला अगदी खेटून जाते शरीराच्या खालच्या अर्ध्या भागातलं रक्त हृदयाकडं नेणारी सर्वांत मोठी शीर. डावीच्या पुढं पाणथरी, स्वादुपिंडाचं टोक, जठर आणि मोठं आतडं. पाठीमागून यावं तर बरगड्यांचा पिंजरा, वर श्वासाचा पडदा. चोरापासून दागिना लपवावा तशी ही अर्ध्या तोळ्याची वस्तू शरीरानं तळघराच्या कोपऱ्यात ठेवली आहे.

जुन्या काळचा सर्जन काय करणार? बरगड्यांच्या खालून वीतभर किंवा त्याहून लांब चीर घ्यायची, नाहीतर कुशीवरून शिरून अकरावी-बारावी बरगडी काढून टाकायची. १८८९ मध्ये लंडनच्या नोज्ली थॉर्नटन यांनी एका बाईची ॲड्रिनलची भली मोठी गाठ काढली. पुढं १९२६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरी सेझार रू यांनी आणि अमेरिकेत चार्ल्स मेयो यांनी ॲड्रिनलिन ओतणाऱ्या गाठी काढून रोगी जगवले. त्या गाठी भरात आल्या की बीपी आभाळाला भिडतं. तेव्हा स्कॅन नव्हते, गाठ नेमकी कुठं आहे हे पोट उघडल्यावर कळायचं. त्या हातांपुढं मान लवते. पण त्या चिरेचा हिशेब मांडला तर गाठ कापायला लागणारी जागा बोटभर, बाकी सगळी चीर तिथवर पोचायला. स्नायू चिरले ते वाटेसाठी, बरगडी काढली ती वाटेसाठी. नंतर श्वास घेताना जी कळ यायची, खोकला दाबून धरल्यानं छातीत कफ साचायचा, पुढं टाक्याच्या जागी हर्निया व्हायचा, ते सगळं वाटेचं देणं होतं.

विहीर पाडताना ज्यानं पाहिली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. पाण्याचा झरा मनगटाएवढा असतो, पण त्याच्यापर्यंत उतरायला अख्ख्या खोलीएवढा खड्डा करावा लागतो. बिदरजवळ नौबादला मात्र याहून वेगळी एक गोष्ट आहे. पंधराव्या शतकात, बहमनींच्या काळात, इराणच्या धर्तीवर जमिनीखालून पाणी आणणारा एक करेझ तिथं खोदला गेला. आमच्याकडं त्याला सुरंग बावी म्हणतात. जांभ्या दगडाच्या पोटातून बोगदा गेलेला आणि वरून ठरावीक अंतरावर आत उतरणारी उभी विवरं. त्या विवरांतून माणसं उतरली, दगड फोडला, माती वर काढली, उजेड आणि हवा आत गेली. वरचं शेत मात्र शेतच राहिलं. दुर्बिणीच्या ऑपरेशनचं चित्र डोळ्यांपुढं आणायला मला याहून जवळचा दाखला सापडत नाही. कातडीवरची तीन-चार भोकं ही ती विवरं. एकातून उजेड आणि कॅमेरा, बाकीच्यांतून कामाचे हात.

भारतात हे काम मुंबईनं उचललं. डॉ. तेहेम्टन उदवाडिया १९७२ पासून दुर्बिणीनं पोट तपासत होते. १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात त्यांनी पित्ताशय दुर्बिणीनं काढलं. देशातली ही अशी पहिली शस्त्रक्रिया. जर्मनीत एरिख म्युहं यांनी हेच १९८५ मध्ये केलं होतं, म्हणजे आपण पाचच वर्षं मागं होतो. जे. जे. हे सरकारी रुग्णालय, तिथं येणारा रोगी हातावर पोट असलेला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पैसेवाला माणूस मोठ्या जखमेनंतर दोन महिने पडून राहू शकतो. रोजगारावर जाणारी बाई राहू शकत नाही. लहान जखमेची खरी गरज तिलाच.

पित्ताशय मात्र पोटाच्या ओसरीवर लटकलेलं असतं आणि ॲड्रिनल तळघरात. तिथवर जाण्याचं धाडस १९९२ मध्ये झालं. कॅनडात माँट्रियलला मिशेल गान्ये यांनी कॉर्टिसॉलच्या आणि ॲड्रिनलिनच्या अशा दोन्ही तऱ्हेच्या गाठी दुर्बिणीनं काढल्याचं त्या वर्षी जाहीर केलं. जपानी सर्जनांनीही त्याच वर्षी हे करून दाखवलं. गान्ये यांनी रोग्याला पाठीवर न निजवता कुशीवर निजवलं. ऐकताना साधी वाटणारी ही युक्ती, पण सगळी गोम तिच्यात आहे. पाठीवरच्या रोग्यात आतडी, पाणथरी, जठर सगळं ग्रंथीवर पसरून असतं आणि ते हातानं दाबून धरावं लागतं. कुशीवर वळवलं की ते आपल्याच वजनानं खाली सरकतं. डावीकडं पाणथरीला धरून ठेवणारा पातळ पडदा सोडवला की ती स्वादुपिंडाच्या टोकासकट, पोथीचं पान उलटावं तशी पुढं कलंडते आणि मागचा कप्पा उघडा पडतो. वाट कापायच्या ऐवजी वाटेतल्यांनाच बाजूला सरायला लावलं.

थोडं जवळून पाहू. भूल दिल्यावर पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याचा दाब १२ ते १५, तोही बीपी ज्या पाऱ्याच्या मिलिमीटरांत मोजतात त्यांतच. पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते. बरगड्यांच्या कडेखाली पाच ते दहा मिलिमीटरची भोकं करतात, डाव्या ग्रंथीला साधारण तीन आणि उजवीला चार, कारण यकृत उचलून धरायला एक हात जास्त लागतो. पडद्यावर चित्र मोठं होऊन येतं. सगळीकडं फिकट पिवळी चरबी, लोण्याच्या गोळ्यासारखी. सर्जन ती हळूहळू बाजूला करत जातो आणि मग एका जागी पिवळा रंग गडद होतो, सोन्याच्या जवळ जातो. तीच ग्रंथी. तिला चिमट्यात पकडायचं नसतं. ती इतकी ठिसूळ असते की चिमटा लागला की फाटते, रक्त येतं आणि आतली गाठ फुटायची भीती. म्हणून भोवतालची चरबी धरून तिला हलवतात. लहान बाळाला उचलताना हात न ओढता दुपट्यासकट उचलावं, तसं.

मग येते शीर. प्रत्येक ग्रंथीतून रक्त बाहेर नेणारी एक मुख्य शीर असते. डावीची शीर बऱ्यापैकी लांब, ती किडनीच्या शिरेला मिळते. उजवीची मात्र सेंटिमीटरभर, कधी तेवढीही नाही, आणि ती थेट त्या सर्वांत मोठ्या शिरेत उघडते. तिथं ओढाताण झाली तर मोठ्या शिरेलाच भोक पडतं आणि पडदा एका क्षणात लाल होऊन जातो. म्हणून ती शीर सगळ्या बाजूंनी मोकळी करून, तिच्यावर बारीक क्लिपा बसवून मगच कापतात. माझ्या मते या ऑपरेशनचं काळीज त्या सेंटिमीटरभर जागेत आहे. बाहेरची जखम कितीही लहान झाली तरी ती जागा होती तेवढीच राहिली. आत रक्त आवरलं नाही तर सर्जन पोट उघडतो, आणि ते उघडणंच शहाणपणाचं असतं. गाठ फार मोठी असेल किंवा कर्करोगाची शंका असेल तर पुष्कळ सर्जन आजही पहिल्यापासून रुंद वाटच धरतात, कारण गाठ न फुटता अखंड बाहेर येणं जखमेच्या लांबीपेक्षा मोठं. सुटलेली ग्रंथी पोटातच एका पिशवीत घालतात आणि एक भोक जरासं वाढवून पिशवीसकट बाहेर घेतात.

लहान भोक म्हणजे लहान काम, ही समजूत जिवावर बेतते. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूर जिल्ह्यातल्या एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची दुर्बिणीनं नसबंदी झाली. त्या दिवसांत तिथं दहाहून अधिक बायका दगावल्या. आमच्या बायका ज्या सतरंजीवर निजल्या होत्या, तशाच सतरंजीवर त्याही निजल्या असतील. त्या बातमीनंतर ‘एकच टाका’ हे शब्द मला पूर्वीसारखे हलकेपणानं उच्चारता येत नाहीत.

ॲड्रिनलची वाट आणखी एकदा बदलली. जर्मनीत एसेन शहरी मार्टिन वाल्त्स यांनी १९९० नंतरच्या दशकात विचार केला की पुढून जायचंच कशाला? ग्रंथी मुळात पोटाच्या पोकळीच्या मागं आहे. रोग्याला पालथं निजवून, पाठीकडून शेवटच्या बरगडीच्या खालून शिरलं तर यकृत, पाणथरी, आतडं यांपैकी कोणाच्याच दारावरून जावं लागत नाही. २००६ मध्ये त्यांनी अशा ५६० शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. ज्याच्या पोटावर आधी ऑपरेशनं होऊन आत सगळं चिकटलेलं आहे, किंवा ज्याच्या दोन्ही ग्रंथी काढायच्या आहेत, त्याच्यासाठी ही मागची वाट फार सोयीची. ग्रंथी जागची हललेली नाही, आणि तरी माँट्रियलहून तिची वाट एक लांबीची होती, एसेनहून दुसऱ्या लांबीची.

इथवरची वाट कातडीपासून ग्रंथीपर्यंतची. पण वाट कातडीपाशी सुरू होत नाही.

ॲड्रिनलिन ओतणारी गाठ असेल तर ऑपरेशनच्या दहा-चौदा दिवस आधीपासून शिरा सैल करणाऱ्या गोळ्या सुरू कराव्या लागतात. आखडलेल्या शिरा हळूहळू मोकळ्या होतात, मग त्या भरायला भरपूर पाणी आणि मीठ. बीपीच्या माणसाला डॉक्टर मीठ खायला सांगतात, हे ऐकून घरच्यांना नवल वाटतं, पण तेच बरोबर असतं. छातीची धडधड कमी करणारी गोळी त्यानंतर द्यायची, आधी दिली तर घात होतो. ही तयारी झालेली नसेल आणि गाठीला नुसता धक्का लागला तरी बीपी कुठल्या कुठं जातं. शिरेवर क्लिप बसली की तेच बीपी धाडकन खाली येतं. त्या वेळी रोग्याच्या उशाशी उभा असलेला भूलतज्ज्ञ सर्जनइतकाच मोठा असतो. कॉर्टिसॉलच्या गाठीत दुसरीच गोष्ट. एक ग्रंथी बेसुमार रस ओतत असताना दुसरी झोपी गेलेली असते. रोगट ग्रंथी काढली की झोपलेली जागी व्हायला कित्येक महिने लागतात, तोवर गोळ्यांनी कॉर्टिसॉल द्यावं लागतं आणि त्या गोळ्या एक दिवसही चुकवून चालत नाही. जाता जाता सांगायलाच हवं की गुडघेदुखीवर कुठून तरी आणलेल्या पुड्यांमध्ये कॉर्टिसॉलसारखं स्टिरॉइड असलं तर त्याही याच ग्रंथींना झोपवतात. पुडी घेणाऱ्याचा चेहरा गोल भरतो, लोक म्हणतात तब्येत सुधारली. पुडी अचानक बंद केली की माणूस कोसळतो.

आता समजा, ठाणाकुशनूरच्या शिवारातली तिशीतली एक बाई आहे. बाळंतपणानंतर तिचं बीपी वाढलेलं राहिलं. दोन गोळ्या चालू, मग तीन. ती सरकारी दवाखान्यात येते आणि सिस्टरला सांगते, ‘‘बाई, डोस्कं दुखूलालंय, पायात गोळे येऊलालेत.’’ सिस्टर पट्टा गुंडाळत म्हणते, ‘‘अक्का, हात सैल सोडा.’’ आकडा येतो १७० वर. गोळी बदलते. पायातल्या गोळ्यांना अशक्तपणा म्हणतात, सलाईन लावतात. रात्री तीन-तीनदा लघवीला उठावं लागतं हे कोणी विचारत नाही, म्हणून ती सांगत नाही. ॲड्रिनलिनची गाठ असती तर एकाएकी डोकं ठणकणं, घामानं निथळणं, छाती धडधडणं असे झटके आले असते, अर्ध्या तासात ओसरले असते, आणि घरच्यांनी मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या असत्या. मी त्यांना दोष देत नाही. झटका येऊन गेल्यावर दवाखान्यात बीपी चांगलं निघालं तर डॉक्टरही बुचकळ्यात पडतो.

तिच्या वाटेवरचं पहिलं वळण फार स्वस्त आहे. रक्तातलं पोटॅशियम तालुक्याच्या लॅबमध्ये तपासता येतं. बीपी असलेल्या दर शंभर जणांत साधारण पाच ते दहा जणांना अल्डोस्टेरॉनचा हा आजार असतो, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं पोटॅशियम चांगलंही असतं. म्हणून अल्डोस्टेरॉन आणि त्याच्यावर ताबा ठेवणारं रेनिन यांची रक्ततपासणी लागते. तो नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जातो, बाईला जावं लागत नाही. नळी प्रवास करते. अमेरिकेतल्या अंतःस्राव तज्ज्ञांच्या संस्थेनं २०२५ मध्ये सुचवलं की बीपी असलेल्या सगळ्यांचीच एकदा ही तपासणी करावी. आमच्याकडं ते उद्या होईल असं मी म्हणत नाही. पण चाळिशीच्या आत बीपी असलेला, तीन गोळ्यांनीही न आवरणारा, पायात गोळे येणारा रोगी समोर बसला असेल तर त्याच्यासाठी हे आजच व्हायला हवं.

पुढचं वळण अवघड. स्कॅनमध्ये गाठ दिसली म्हणजे तीच गुन्हेगार असं नाही. वयाबरोबर निरुपद्रवी गाठी पुष्कळांना होतात, आणि कधी रस ओतणारी ग्रंथी स्कॅनवर अगदी साधी दिसते. म्हणून मांडीच्या शिरेतून बारीक नळी नेऊन दोन्ही ग्रंथींच्या शिरांतलं रक्त वेगवेगळं काढतात आणि कोणती बाजू दोषी ते ठरवतात. उजवीची ती सेंटिमीटरभर शीर इथंही हात दाखवते, तिच्यात नळी शिरवणं भल्याभल्यांना जमत नाही. मुंबईत परळच्या केईएम या महापालिकेच्या रुग्णालयात अशा रोग्यांवर वर्षानुवर्षं काम झालं आहे. तिथल्या अंतःस्राव विभागाचं आणि तो दीर्घकाळ सांभाळणाऱ्या डॉ. नलिनी शहा यांचं नाव देशभर या आजारांसाठी घेतलं जातं. बिदरला २००७ मध्ये आणि लातूरला २००२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं झाली, त्यामुळे पहिली शंका घ्यायला परळ गाठायची गरज उरलेली नाही. शंका घेणारा मात्र जागा हवा.

आणि इथं वाटेत एक रेघ आडवी येते. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्यातला जुना बिदर जिल्हा वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, आमचा भाग म्हैसूरमध्ये म्हणजे आजच्या कर्नाटकात, आणि जहिराबाद-नारायणखेडकडचा भाग आंध्रात. सोयरीक, बाजार, दवाखाना यांसाठी माणसं उदगीर-लातूरला जात राहिली, रेशनकार्ड मात्र कर्नाटकाचं. मोफत उपचाराची योजना कार्ड पाहते. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटकानं हरकत घेतली. दोन्ही राजधान्यांतले कागद आपापल्या जागी बरोबर असतील. पण हातात स्कॅनची पिशवी घेऊन काउंटरपुढं उभ्या असलेल्या बाईला पोटातल्या यकृत-पाणथरीपेक्षा हीच रेघ जास्त आडवी येते, आणि हिला बाजूला सारायला कुशीवर वळण्यासारखी युक्ती अजून कोणाला सापडलेली नाही. याचा मला मनापासून त्रास होतो.

या वाटेवर जी वर्षं जातात त्यांचीही किंमत मोजावी लागते. जगभरातल्या तज्ज्ञ केंद्रांनी अल्डोस्टेरॉनच्या आजारासाठी ऑपरेशन झालेल्या ७०५ रोग्यांचा एकत्र अभ्यास करून २०१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. १०० पैकी ९४ जणांचं पोटॅशियम आणि अल्डोस्टेरॉन ठिकाणावर आलं, म्हणजे ऑपरेशनानं आपलं काम चोख केलं होतं. गोळ्यांवाचून बीपी ठीक राहिलं ते मात्र ३७ जणांचंच, आणखी ४७ जणांना थोडाफार गुण आला. जे पूर्ण बरे झाले त्यांच्यात तरुण जास्त, बायका जास्त. बीपी जुनं झालं की धमन्या कडक होतात आणि नळ बंद केल्यावरही भिंतीतली ओल राहते. कॉन यांच्याकडं आलेल्या त्या बाईची सात वर्षं मी लक्षात ठेवायला सांगितली ती यासाठी. पोटावरची जखम वीतभरावरून बोटाच्या पेराएवढी झाली, पण धमन्यांवरही एक जखम आहे, ती सुद्धा वाटेचीच, आणि ती दुर्बिणीनं लहान होत नाही.

त्या बाईकडं परत जाऊ. समजा, कोणी तरी वेळेवर पोटॅशियम पाहिलं. नमुना गेला, आला. नळीनं डावी बाजू दोषी ठरवली. दिवाळी झाल्यावर ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी ती उठून चालली, तीन-चार दिवसांत सुट्टी मिळाली, आणि भालकी-उदगीरवरून धावणाऱ्या मुंबई-बिदर गाडीनं घरच्यांनी तिला परत आणलं. डाव्या बरगडीखाली तीन चिकटपट्ट्या, शेजारणी येऊन पाहून जातात. एवढंच? म्हणतात. थोरली सासू आपल्या बेंबीजवळच्या जुन्या टाक्याची आठवण काढते.

पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा तपासायचं असतं, कारण इतके दिवस मिठाच्या पुरात वाहिलेली किडनी आता नव्या पाण्याला सरावत असते. ती सरकारी दवाखान्यात येते. तीच सिस्टर, तोच पट्टा. अक्का, हात सैल सोडा. तीन गोळ्यांवरून एकीवर आलेली असते, आणि आकडा १३० च्या आत आहे. बाईला त्या आकड्यात फारसा रस नाही. तिला विचारायचं असतं ते एवढंच, की भरलेलं टोपलं डोक्यावर कधीपासून घेऊ? बरगडी काढून केलं असतं तर दोन-तीन महिने नाव काढायचं नव्हतं. दुर्बिणीनं झालेल्याला डॉक्टर साधारण तीन-चार आठवडे थांबायला सांगतात. सिस्टर कागदावरची तारीख पाहून बोटांवर आठवडे मोजते. शिवारात तूर काढणीला आलेली असते.